मुखदूषिका : लेपाची पुडी आणि लेपाचा विधी

चेहऱ्याचा तेलकटपणा, बुजलेले रोमकूप, नाकाच्या कडेला व हनुवटीवर दिसणारे काळे-पांढरे ठिपके आणि त्यांतूनच पुढे उठणाऱ्या तारुण्यपीटिका, ही तक्रार घेऊन येणारे तरुण रुग्ण आपल्यापैकी कोणाच्याही चिकित्सालयात कमी नाहीत. व्याधी प्राणघातक नाही, रुग्ण धडधाकट असतो, बाहेर ज्वराचे व संधिवाताचे रुग्ण खोळंबलेले असतात. त्यामुळे या रुग्णाच्या वाट्याला आपली दोन मिनिटे येतात. एक रक्तशुद्धीचे औषध, एक लेपाची पुडी आणि 'तेलकट खाऊ नका' हा उपदेश, एवढ्यावर आपण त्याची बोळवण करतो. महिन्याभरात गुण आला नाही की तो रुग्ण परत येत नाही. तो कोठे जातो, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

आपल्या संहिताकारांनी या व्याधीची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. क्षुद्र म्हणजे किरकोळ असा अर्थ घेऊन आपण फसतो. हेतू, लक्षणे व चिकित्सा थोडक्यात सांगितलेला व्याधी असा त्याचा आशय आहे. थोडक्यात सांगितलेले सोपे असतेच असे नाही. उलट तेथे वैद्याच्या बुद्धीवर अधिक भार टाकलेला असतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला आपला चेहरा आरशात पाहवेनासा होतो, महाविद्यालयात जाणे नकोसे वाटते, लग्नाच्या बोलणीत चेहऱ्यावरील खड्डे मोजले जातात. ज्याला हे भोगावे लागते, त्याच्या लेखी हा व्याधी क्षुद्र नाही.

आमचे प्रतिपादन असे आहे की, मुखदूषिकेच्या चिकित्सेत आपली द्रव्ये कमी पडत नाहीत. आपल्या हातून विधी सुटला आहे. लोध्र, धान्यक, वचा, मंजिष्ठा, सारिवा ही द्रव्ये आपण टिकवली. मात्र लेप कसा कालवावा, किती जाड लावावा, केव्हा काढावा, कोणाला लावू नये, हे सारे आपण बाजूला ठेवले. ही रिकामी राहिलेली जागा बाजाराने व्यापली आहे.

व्याधीचे स्वरूप

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या अध्यायात मुखदूषिकेचे वर्णन आहे. शाल्मलीच्या काट्यांसारख्या दिसणाऱ्या, तरुणांच्या मुखावर उठणाऱ्या या पिडकांच्या मुळाशी कफ, वात व रक्त असल्याचे तेथे सांगितले आहे. ज्याने काटेसावरीचे खोड जवळून पाहिले आहे, त्याला ही उपमा किती नेमकी आहे हे समजावून सांगावे लागत नाही. पाया रुंद, टोक निमुळते आणि मुळाशी घट्ट.

आधुनिक शास्त्राचे वर्णन याला छेद देत नाही. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांच्या प्रभावाने त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्राव करू लागतात. त्याच वेळी रोमकूपाच्या आतील अस्तराच्या पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि कूपाच्या मुखाशी बूच तयार होते. मुख उघडे राहिले तर ठिपका काळा दिसतो, बंद राहिले तर पांढरा. काळा रंग धुळीचा नसतो, हे रुग्णाला आवर्जून सांगितले पाहिजे; अन्यथा तो मळ समजून चेहरा घासत राहतो. बुचाच्या मागे साचलेल्या स्रावात जंतू वाढतात, दाह होतो, पूय होतो. या जंतूचे पूर्वीचे नाव प्रोपिओनीबॅक्टेरियम ॲक्नेस असे होते. २०१६ पासून तो क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस या नावाने ओळखला जातो.

स्निग्धता व पिच्छिलता कफाची, मार्गावरोध व काठिण्य वाताचे, राग व दाह रक्ताचा, अशी अवस्थानिहाय फोड केली की चिकित्सेची दिशा स्पष्ट होते. केवळ तेलकटपणा व ठिपके असलेला चेहरा, लाल दुखऱ्या पिडकांचा चेहरा आणि खोल गाठींचा चेहरा हे तीन वेगवेगळे रुग्ण आहेत. तिघांना एकच पुडी देणे ही चिकित्सा नव्हे.

विधी काय सांगतो

मुखलेपाविषयी आपल्या ग्रंथांत जेवढे बारकावे आहेत, तेवढे आजच्या कोणत्याही सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर सापडणार नाहीत. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या अध्यायात मुखलेपाचे दोषहर, विषहर व वर्ण्य असे तीन प्रकार दिले आहेत. जाडी अंगुलाचा चतुर्थांश, तृतीयांश व अर्धा अशी तीन प्रमाणांची आहे. वात-कफात लेप उष्ण असावा, इतरत्र शीत. लेप वाळेपर्यंत ठेवू नये, कारण ओला लेप व्याधी हरण करतो आणि वाळलेला लेप त्वचेची कांती बिघडवतो. काढताना तो पुन्हा ओला करून काढावा. पीनस, अजीर्ण, अरोचक, हनुग्रह यांत, नस्य घेतल्यावर व जागरण झाले असता लेप देऊ नये. लेप लावलेला असताना दिवसा झोप, फार बोलणे, अग्नी व ऊन, शोक व क्रोध टाळावेत.

सुश्रुताने सूत्रस्थानात आलेपाच्या प्रकरणी आणखी पुढचे सांगितले आहे. लेप रोमांच्या उलट दिशेने लावावा, म्हणजे औषध नीट टिकते आणि रोमकूपांत प्रवेश करते. शिळा लेप वापरू नये. एका लेपावर दुसरा चढवू नये. वाळलेला लेप पुन्हा कालवून लावू नये, कारण तो निर्वीर्य झालेला असतो. लेप वाळू देण्यास एकच अपवाद आहे, तो म्हणजे जेथे पीडन अपेक्षित असेल तेथे. शार्ङ्गधराने रात्री लेप लावण्याचा सामान्यतः निषेध केला आहे.

आता आपल्या रुग्णांच्या घरी काय घडते ते पाहू. रात्री झोपण्यापूर्वी, दूरदर्शन संचापुढे बसून, पुडीतील चमचाभर चूर्ण लिंबाच्या रसात कालवले जाते. पापुद्र्यासारखा पातळ थर चेहऱ्यावर दिला जातो. तो पूर्ण वाळून तडकेपर्यंत, हसता येणार नाही इतका ताणला जाईपर्यंत ठेवला जातो आणि मग खरबरीत टॉवेलाने खरडून काढला जातो. उरलेले मिश्रण वाटीत झाकून दुसऱ्या दिवसासाठी ठेवले जाते. ग्रंथांतील जवळजवळ प्रत्येक निषेध या एका कृतीत मोडला जातो. गुण आला नाही की दोष मात्र आयुर्वेदावर येतो.

येथे एक आक्षेप आम्ही अनेक सहव्यवसायींकडून ऐकला आहे. त्वचा स्निग्ध आहे, तर ती रूक्ष करणे हेच इष्ट. मग लेप वाळू दिला तर बिघडले कोठे? आमचे उत्तर असे की, रूक्षण द्रव्याच्या गुणाने व्हावे, लेप तडकू देऊन नव्हे. लोध्राचा कषाय रस, वचेची तीक्ष्णता, सर्षपाची उष्णता यांसाठीच ही द्रव्ये योजली आहेत. ओलेपण असेतोवर त्यांचे वीर्य त्वचेला मिळते. भ्राजकाग्नीने लेपाचे पचन होते हे सुश्रुताचे विधान आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. वाळलेला लेप त्वचा ओढतो, वात वाढवतो, आणि वात तर या व्याधीच्या संप्राप्तीतच बसलेला आहे. व्यवहारात असे दिसते की चेहरा लाल होतो, चुणचुणतो, मग रुग्ण जाडसर मलम फासतो आणि रोमकूप पुन्हा बुजतात.

लिंबाचा रस तर पूर्णपणे थांबवावा. तो तीव्र आम्ल आहे. तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून डाग पडू शकतात. चेहऱ्यास टूथपेस्ट किंवा खाण्याचा सोडा लावणे, अक्रोडाच्या टरफलांच्या भरडीने घासणे, वाफ घेऊन नखांनी ठिपके पिळणे हेही त्याच मालिकेतले. वाफेने रोमकूप 'उघडतात' हा समज चुकीचा आहे. कूपाच्या मुखाला दारासारखी उघडझाप नसते. वाफेने स्राव व बूच मऊ होते एवढेच. दिवसातून दोनदा, सौम्य द्रव्याने, कोमट पाण्याने मुखप्रक्षालन पुरेसे आहे. डाळीचे पीठ किंवा मुलतानी माती तेल शोषते हे खरे. पण तीही ओली असतानाच धुवावी.

तेल कोणाला द्यावे

या विषयात दुसरी मोठी गल्लत तेलाची आहे. अलीकडे कुंकुमादी तेल सरसकट 'चेहऱ्याचे तेल' म्हणून विकले जाते. व्यंग-नीलिकेत त्याची ख्याती मोठी आहे आणि रूक्ष, निस्तेज त्वचेत ते उत्तम काम करते. परंतु ज्याचे कपाळ दुपारी बाराच्या आत तेलाने चकाकते, ज्याच्या हनुवटीवर बंद ठिपक्यांचे शेत पिकले आहे, त्याला रात्री चेहऱ्यावर तेल चोळायला सांगणे हे कोणत्या तत्त्वात बसते? फलश्रुतीत मुखरोगांची नावे आली आहेत एवढ्यावरून योजना होत नसते. अवस्था पाहावी लागते. कफाधिक, सावरोध अवस्थेत मुखावर स्नेहन नको, हे विक्रेत्यालाही समजावून सांगितले पाहिजे.

केसांच्या तेलाविषयी तर आपल्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. महाराष्ट्रात व कोकणपट्टीत डोक्याला खोबरेल तेल चोपडून चापून वेणी घालण्याची किंवा भांग पाडण्याची रीत आहे. रीत चांगली आहे. पण तेल कपाळावर ओघळते, उशीच्या अभ्र्याला लागते आणि रात्रभर गालाला चिकटून राहते. कपाळाच्या वरच्या कडेला व कानशिलाजवळ बारीक बंद ठिपक्यांची रांग दिसली की प्रथम तेलाची चौकशी करावी. पाश्चात्त्य त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये केसांना लावावयाच्या स्निग्ध प्रसाधनांमुळे होणाऱ्या अशाच पिडकांचे वर्णन केले होते. यावर उपाय तेल सोडणे हा नव्हे. नाहण्यापूर्वी तासभर तेल लावावे, कपाळ पुसून घ्यावे, नंतर केस धुवावेत आणि अभ्रा वरचेवर बदलावा. दिवाळीत आपण अभ्यंगानंतर लगेच उटणे लावतो, यामागे हेच शहाणपण आहे : स्नेह दिला की उद्वर्तनाने जादा स्नेह काढून घ्यायचा.

शोधन व आहार

सुश्रुताने चिकित्सास्थानात यौवनपिडकांसाठी वमन विशेष हितकर म्हटले आहे आणि वचा, लोध्र, सैंधव, सर्षप यांचा किंवा धान्यक, वचा, लोध्र, कुष्ठ यांचा लेप सांगितला आहे. वाग्भटाने लेपाने शमन न झाल्यास वमन, नस्य व ललाटी सिराव्यध असा क्रम दिला आहे. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रत्येक ठिपक्याला पंचकर्म नको आणि पुन्हा पुन्हा उठणाऱ्या दाट पिडकांना केवळ पुडी नको. वसंतात, बलवान रुग्णात, नीट स्नेहन-स्वेदनपूर्वक दिलेले वमन कफाधिक अवस्थेत किती उपयोगी पडते याचा अनुभव वमन देणाऱ्या प्रत्येक वैद्याला आहे. खेद एवढाच की, वमन देणारे दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत.

आहाराबाबत 'तेलकट नको' एवढे सांगून भागत नाही. गोड, गुरू, अभिष्यंदी आहार आणि दिवास्वाप हे कफाचे हेतू आपण नित्य सांगतो. जलद साखर वाढविणाऱ्या आहाराचा व पिडकांचा संबंध दाखविणारे प्रयोग आधुनिकांनीही केले असून २००७ मधील ऑस्ट्रेलियातील प्रयोग त्यांपैकी प्रसिद्ध आहे. म्हणून रुग्णाला नावे घेऊन विचारावे : बेकरीचे पाव-खारी-बिस्किटे किती, शीतपेये किती, रात्रीचे दही खाता का, दुपारी महाविद्यालयातून येऊन झोपता का, व्यायामशाळेत दुधाच्या प्रथिनांची भुकटी घेता का.

मुलींमध्ये पाळीची अनियमितता, हनुवटीवर राठ केस, वाढते वजन ही लक्षणे पिडकांच्या जोडीला असतील तर बीजग्रंथींची तपासणी करून घ्यावी. खोल गाठी, वण राहू लागलेले चेहरे यांत वेळ दवडू नये. आवश्यक तेथे त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा नाही. रुग्ण आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत असेल तर ते विचारून नोंदवावे. हे औषध गर्भास घातक आहे, याची जाणीव स्त्री-रुग्णास आहे का हेही पाहावे.

रिकामी जागा कोणी भरली

आपल्याकडून निराश झालेला रुग्ण कोठे जातो, हा प्रश्न आरंभी उपस्थित केला. तो औषधाच्या दुकानात जातो आणि बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांसारखी स्टेरॉइडे असलेली ट्यूब घेऊन येतो. आठ दिवसांत पिडका बसतात, चेहरा उजळ दिसतो. मैत्रिणीला, भावंडालाही तीच ट्यूब सांगितली जाते. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, उन्हात चेहरा पेटतो, नव्या पिडका येतात आणि ट्यूब बंद करताच सारा चेहरा भडकतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेस स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा असे स्वतंत्र नावच दिले आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा चौदा बाह्य स्टेरॉइडांना चिठ्ठीशिवाय विक्रीस मनाई करणाऱ्या अनुसूची 'एच' मध्ये घेतले. कागदावर नियम आला; दुकानाच्या फळीवर तो किती पोहोचला हे आपण सारे पाहतोच.

याहून दुःखाची गोष्ट आपल्या घरातली आहे. वनौषधींच्या नावाखाली, बिनलेबलच्या डबीत, स्टेरॉइडचे मलम कालवून देणारे महाभाग आपल्या व्यवसायात नाहीत असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल का? गोरेपणाच्या मलमांत पारा आढळल्याचे प्रकारही उघड झाले आहेत. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० अन्वये प्रसाधनांत अनवधानाने आलेला पाराही, डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता, दशलक्षात एक भागापेक्षा अधिक चालत नाही. 'आठ दिवसांत गुण' देणारी डबी ज्याच्या हातून जाते, तो एका रुग्णाचा चेहरा तर बिघडवतोच. शिवाय जो वैद्य धीराने सहा-आठ आठवड्यांची चिकित्सा सांगतो, त्याच्यावरील विश्वासही तो पोखरतो. अशा चेहऱ्यावर आपलाही लेप लगेच चालत नाही. लाल, जळजळणाऱ्या त्वचेवर वचा-सर्षपासारखी तीक्ष्ण द्रव्ये लावणे म्हणजे आगीत तेल ओतणे आहे. तेथे सारे बाह्य उपचार आवरून, शीत व सौम्य उपक्रमांनी, त्वचारोगतज्ज्ञांच्या सहकार्याने पुढे जावे.

औषधनिर्माते व विक्रेते बंधूंना

आमच्या काही सूचना औषधशाळांच्या चालकांसाठी आहेत. पहिली, लेपाच्या वेष्टनावर विधी छापा. कशात कालवावे, किती जाड लावावे, ओला असतानाच भिजवून काढावा, रात्री लावू नये, उरलेला टाकून द्यावा, एवढ्या पाच ओळींना जागा नक्कीच निघेल. दुसरी, चूर्ण वस्त्रगाळ असावे. भरड चूर्ण चेहऱ्यावर ओरखडे उमटवते. तिसरी, लोध्राच्या नावाखाली भलतीच साल आणि रक्तचंदनाच्या नावाखाली रंगवलेला भुसा येत नाही ना, याची खात्री खरेदीच्या वेळीच करा. चौथी, ऋतूंचा विचार करा. वाग्भटाने सहा ऋतूंचे सहा मुखलेप दिले आहेत. हेमंतात लोध्र व श्वेत सर्षप, तर ग्रीष्मात कमळे, दूर्वा, यष्टिमधू व चंदन अशी त्यांची योजना आहे. मुंबईच्या दमट हवेत व विदर्भाच्या उन्हाळ्यात बाराही महिने एकच पुडी विकणारा बाजार या दृष्टीपासून फार दूर गेला आहे. पाचवी, 'सात दिवसांत गोरेपणा' ही भाषा आपल्या वेष्टनांवरून काढून टाका. मुखदूषिका हा व्याधी आहे. वर्ण हा व्याधी नव्हे.

विक्रेत्यांनी एवढे करावे की, चेहऱ्याचे औषध मागणाऱ्यास दोन प्रश्न विचारावेत : आधी कोणते मलम लावत होता, आणि किती दिवस? उत्तर ट्यूबचे आले तर त्यास पुडी न देता वैद्याकडे पाठवावे. नवा लेप देताना, तो प्रथम हाताच्या आतील बाजूस लावून दिवसभर पाहावा, हे सांगायला विसरू नये.

आणि आपण वैद्यांनी? या रुग्णाला दोन मिनिटांऐवजी पंधरा मिनिटे द्यावीत. पहिल्या लेपाचे प्रात्यक्षिक चिकित्सालयातच करून दाखवावे. रुग्णाच्या संमतीने छायाचित्र ठेवावे, म्हणजे सहा आठवड्यांनी गुण आला की नाही याचा निवाडा स्मरणावर सोडावा लागणार नाही. संघटनेच्या शाखांनी वर्षातून एकदा तरी मुखलेप व वमन यांची प्रात्यक्षिके भरवावीत आणि त्यांस औषधशाळांच्या चालकांना व विक्रेत्यांना आवर्जून बोलवावे. बिनलेबलच्या डब्यांविरुद्ध प्रथम आवाज आपल्या संघटनेतून उठला, तर समाज आपले म्हणणे ऐकेल. तो बाहेरून उठला, तर आपल्याला केवळ खुलासे करीत बसावे लागेल.